मंद वाऱ्यात चपळ विंडफॉइलिंग: बोर्ड कसा निवडावा

डिसेंबर ते मे या महिन्यांत कोकणच्या किनाऱ्यावर दुपारी बारा-एकच्या सुमारास खारे वारे सुटतात. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला आत येते. मुंबईपासून गोव्यापर्यंत हा वारा बहुतेक वायव्येकडून येतो आणि माझ्या अनुभवात सहसा 8 ते 14 नॉटच्या दरम्यान राहतो. 1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर, म्हणजे 10 नॉटचा वारा ताशी साडेअठरा किलोमीटरचा. फिनवरच्या (शेपटीखालच्या साध्या पात्यावरच्या) नेहमीच्या विंडसर्फिंगला हा वारा तोकडा पडतो. साडेसात-आठ चौरस मीटरचं शीड लावलं तरी बोर्ड पाण्यात रखडत राहतो. फॉइल, म्हणजे बोर्डाखाली उभ्या दांड्याच्या टोकाला पाण्यात राहणारे पंख (विंग), लावलं की याच वाऱ्यात बोर्ड पाण्यापासून हातभर वर उचलला जातो, आणि खालच्या लाटांचा धक्का पायाला लागत नाही.

प्रश्न येतो तो बोर्ड घेताना. माझा पहिला फॉइल बोर्ड वापरलेला, स्पर्धेसाठी बनवलेला आणि 91 सेंटिमीटर रुंद होता. मोठा बोर्ड, मोठं शीड, म्हणजे कमी वाऱ्यात लवकर उडता येईल, असा माझा हिशेब होता. उडायचो लवकर, सरळ रेषेत वेगही मिळायचा, पण वळायला गेलं की बोर्डाची कड पाण्याला टेकायची आणि सगळा वेग तिथेच जायचा. पुढच्या बोर्डावर आल्यावर कळलं की मंद वाऱ्यात उडवायचं काम फॉइलच्या विंगचं आहे. बोर्डाची कामं दोनच: उडण्याआधी तुम्हाला पेलणं आणि उडाल्यावर आड न येणं. खालची प्रत्येक निवड या दोन कामांच्या ओढाताणीतून ठरते.

आधी तुम्हाला काय करायचं आहे ते ठरवा

कमी वाऱ्यात फॉइल चालवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला स्पर्धेचा: मोठं शीड आणि लहान विंग. पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रात ज्या आयक्यूफॉइल वर्गाच्या शर्यती झाल्या, त्यातला बोर्ड 220 सेंटिमीटर लांब आणि 95 सेंटिमीटर रुंद असतो. शीड पुरुषांना 9 चौरस मीटरचं, महिलांना 8 चौरस मीटरचं. फॉइलची पुढची विंग मात्र फक्त 900 चौरस सेंटिमीटरची. हे सगळं वेगासाठी आणि वाऱ्याच्या उलट दिशेला तीव्र कोनात चढता यावं यासाठी जुळवलेलं आहे. बोर्डाची रुंदी तिथे तरफेसारखी वापरतात. पाय अगदी कडेच्या पट्ट्यांत रोवून खेळाडू बाहेर झुकतो आणि एवढ्या मोठ्या शिडाची ओढ पेलतो.

दुसरा मार्ग उलटा: लहान शीड, मोठी विंग, आखूड बोर्ड. वेग कमी, पण लाटेच्या उतारावरून घसरत जाता येतं, बोर्ड न टेकवता जाइब (वारा पाठीमागे घेत दिशा बदलणं) करता येते, शीड जवळजवळ सोडून देऊन नुसतं फॉइलवर तरंगता येतं. चपळ म्हणतो ते हेच, आणि हा लेख याच मार्गाचा आहे. शर्यत लावायची असेल, 25 नॉटचा आकडा घड्याळावर बघायचा असेल, तर पुढचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत.

हा फरक आधीच स्पष्ट करतो, कारण माझ्या पाहण्यात आपल्याकडे विकायला येणारं जुनं सामान बहुतेक स्पर्धकांच्या हातचं असतं. ते दणकट आणि चांगल्या प्रतीचं असतं, किंमतही बरी असते, त्यामुळे मोह होतो.

फॉइल आधी, बोर्ड नंतर

दुकानात बोर्ड डोळ्यांत भरतो, फॉइल कोपऱ्यात पिशवीत असतं. तरी सुरुवात तिथूनच करा, कारण किती वेगाला तुम्ही पाण्यातून वर याल हे विंगचं क्षेत्रफळ आणि एकूण वजन ठरवतं.

पाण्यातल्या विंगची उचल वेगाच्या वर्गाबरोबर वाढते आणि क्षेत्रफळाबरोबर सरळ प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढ्याच वजनाला 1600 ऐवजी 900 चौरस सेंटिमीटरची विंग लावली, तर उडण्यासाठी लागणारा वेग 1600 भागिले 900 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. माणूस आणि सामान मिळून 100 किलो धरले तर 1600 ची विंग साधारण 8 ते 9 नॉट वेगाला उचलते; 900 च्या विंगला 11 ते 12 नॉट लागतात. 9 नॉटच्या वाऱ्यात बोर्ड पाण्यात असताना 8 नॉटपर्यंत पोचणं जोर लावून जमतं. 12 नॉटला पोचायचं तर मोठं शीडच हवं, आणि मोठं शीड आलं की चपळपणा गेला.

माझ्या अनुभवातून काढलेले अंदाज असे. वजन 65 किलोच्या आत असेल तर 1200 ते 1400 चौरस सेंटिमीटर, 65 ते 80 किलोला 1500 ते 1800, त्याहून जास्त असेल तर 1800 ते 2100. विंगचा आकार सांगताना आस्पेक्ट रेशो सांगतात: पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ. 90 सेंटिमीटर लांबीच्या 1600 च्या विंगचा रेशो 5 च्या जरा वर येतो. 5 ते 6 चा रेशो वळायला मोकळा असतो. 8-9 ची लांब, अरुंद विंग दूरवर तरंगत जाते, पण वळताना तिचं वरचं टोक पाण्याबाहेर डोकावतं आणि हवा शिरून उचल एकदम जाते. वळणं हवी असतील तर मधला रेशो घ्या.

मास्टच्या, म्हणजे फॉइलच्या उभ्या दांड्याच्या, लांबीचाही इथे संबंध येतो. 100 सेंटिमीटर लांबीची विंग 30 अंश कलली की तिचं एक टोक 25 सेंटिमीटरने वर येतं. मास्ट 70 चा असेल आणि बोर्ड पाण्यापासून 40 सेंटिमीटर वर असेल, तर टोक पाण्याच्या जेमतेम 5 सेंटिमीटर खाली उरतं. 85 च्या मास्टवर 20 सेंटिमीटर उरतात. शिकताना 70-75 चा मास्ट सोपा, कारण पडायची उंची कमी. पुढे 80-85 वर या. 95 चा मास्ट आपल्या उथळ किनाऱ्यांवर अडचणीचाच. मास्टच्या खालच्या टोकाला पुढची विंग आणि मागचा छोटा स्टॅबिलायझर जोडणारा दांडा म्हणजे फ्यूजलाज. तो 65-75 सेंटिमीटरचा घ्या. स्पर्धेचे 95-115 चे दांडे सरळ रेषेत स्थिर असतात, त्याच कारणाने वळायला आळशी.

आता लिटर: इथेच खरा पेच आहे

चपळपणा म्हटलं की लहान बोर्ड, आणि लहान बोर्ड म्हणजे कमी लिटर, म्हणजे कमी आकारमान आणि कमी तरंगण्याची ताकद. मंद वाऱ्यात हे गणित चालत नाही, आणि कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

जोराच्या वाऱ्यात पाण्यात पडलं की शीड वाऱ्यात धरायचं आणि त्याच्या ओढीने बोर्डावर चढायचं. याला वॉटरस्टार्ट म्हणतात. 9 नॉटच्या वाऱ्यात 5 चौरस मीटरचं शीड तुम्हाला पाण्यातून उचलू शकत नाही. मग उरतो अपहॉल: बोर्डावर उभं राहायचं, दोरीने शीड पाण्यातून ओढून वर घ्यायचं. त्यासाठी बोर्ड तुम्हाला उभं असताना, एका जागी, नुसतं तरंगून पेलणारा हवा. म्हणजे वारा जितका मंद आणि शीड जितकं लहान, तितकी लिटरची गरज जास्त.

हिशेब करू. माझं वजन 74 किलो. भिजलेले कपडे, इम्पॅक्ट जाकीट (आपटण्यापासून छाती-पाठ वाचवणारं), हेल्मेट मिळून 3. बोर्ड 7, फॉइल 5, शीड, डोलकाठी आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) मिळून साडेआठ. बेरीज साडेसत्त्याण्णव किलो. समुद्राचं 1 लिटर पाणी 1.025 किलोचं, म्हणजे 95 लिटरचा बोर्ड घेतला तर शीड हातात घेऊन उभं राहिल्यावर तो पाण्याच्या पातळीला येऊन थांबेल. एखादी लाट आली की गुडघ्यापर्यंत पाणी. 115 लिटरचा बोर्ड 20 लिटर शिल्लक ठेवतो आणि त्या शिलकीवर तोल सांभाळता येतो.

म्हणून माझा नियम: पहिल्या फॉइल बोर्डाला वजन अधिक 40 ते 50 लिटर. अपहॉल आणि टॅक (बोर्डाचं नाक वाऱ्यातून फिरवत दिशा बदलणं) न पडता जमायला लागली की वजन अधिक 30. त्याखाली मंद वाऱ्यात जाऊ नका. वजन अधिक 10 लिटरचे, 80-85 लिटरचे सुंदर छोटे बोर्ड मिळतात, पण ते 15 नॉटच्या वरच्या वाऱ्याचे.

आपल्या किनाऱ्यावर याला आणखी एक कारण आहे, आणि ते जिवाशी निगडित आहे. खारे वारे दिवस कलताना पडतात. रात्र वाढली की जमीन गार होते आणि मतलई वारे सुटतात, जमिनीकडून समुद्राकडे. संध्याकाळी साडेसहाला वारा पडला, तुम्ही किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरवर आहात, आणि बोर्ड तुम्हाला उभंही राहू देत नाही, ही वेळ मी एकदा अनुभवली आहे. शीड गुंडाळून, बोर्डावर पालथं पडून, हाताने वल्हवत परत यायला पाऊण तास लागला आणि तोवर अंधार झाला होता. ज्या बोर्डावर उभं राहून 4 नॉटच्या झुळकीवर शीड धरत घरी येता येतं, तोच मंद वाऱ्याचा बोर्ड. सूर्यास्ताच्या तासभर आधी पाण्याबाहेर यायची सवय लावा, बोर्ड कोणताही असो.

रुंदी

उभं असताना डावी-उजवीकडे कलंडू नये म्हणून रुंदी हवी. उडाल्यावर कड पाण्याला लागू नये म्हणून ती कमी हवी. 95 सेंटिमीटर रुंद बोर्ड 30 अंश कलला की त्याची कड मध्यरेषेच्या 24 सेंटिमीटर खाली जाते. 74 च्या बोर्डाची साडेअठरा. पाच-साडेपाच सेंटिमीटरचा फरक लहान वाटेल, पण वळताना तुम्ही तसेही थोडे खाली आलेले असता, आणि कड टेकणं-न टेकणं तेवढ्यावरच ठरतं.

रुंद बोर्ड आणखी एका कारणाने नको. तुमचे पाय मध्यरेषेपासून जितके दूर, तितकं टाचेच्या आणि बोटांच्या दाबाने फॉइल जोरात डोलतं. स्पर्धकाला ते हवं असतं. लाटेवर हळूहळू, पायाच्या तळव्याने दिशा बदलत जायचं असेल, तर पाय मध्यरेषेजवळ हवेत.

65 किलोच्या आत 68 ते 72 सेंटिमीटर, 65 ते 80 ला 72 ते 78, त्यावर 78 ते 85 इतकी रुंदी पाहा. फिनवरचं विंडसर्फिंग येत असेल पण फॉइल नवीन असेल, तर वरच्या टोकाचा आकडा घ्या. विंडसर्फिंगच नवीन असेल तर आधी भाड्याच्या मोठ्या बोर्डावर फिनने एक हंगाम काढा. फॉइलची घाई करू नका.

लांबी

इथे मी ठाम आहे: आखूड घ्या. बोर्ड वळवताना त्याचं वजन कुठे आहे याला महत्त्व असतं. सारख्याच वजनाचे दोन बोर्ड, एक 240 चा आणि एक 190 चा. फिरवायला लागणारा जोर लांबीच्या वर्गाबरोबर वाढतो, म्हणजे लांब बोर्ड जवळपास 60 टक्के जड फिरतो. हवेत असताना नाकाचं ते वजन प्रत्येक हालचालीत जाणवतं, आणि लाटेच्या खोलगट भागात आधी नाकच पाण्यात रुततं.

तरीही खालची मर्यादा आहे. पाण्यात असताना लांब बोर्ड सहज पुढे जातो, आखूड बोर्ड आपल्यासमोर पाण्याचा ढीग ढकलत बसतो. 170-175 सेंटिमीटरचे बोर्ड उडवायला मंद वाऱ्यात शिडाने आणि पायांनी बरंच पंपिंग करावं लागतं, म्हणजे लयीत झटके देऊन वेग काढावा लागतो. मला 190 ते 205 हा पट्टा बरोबर वाटतो. माझा सध्याचा बोर्ड 195 लांब, 76 रुंद, 118 लिटर आहे. एवढ्या लांबी-रुंदीत एवढे लिटर बसतात ते जाडीमुळे, सुमारे 12 सेंटिमीटर. जाड बोर्ड दिसायला ओबडधोबड असतो, पण फॉइल बोर्डाची जाडी उडाल्यावर कुठेच आड येत नाही. म्हणून लिटर जाडीत घ्या.

अलीकडे डोलकाठीशिवायचं छोटं शीड (त्यालाही विंगच म्हणतात) हातात धरून फॉइलिंग करणाऱ्यांसाठी लांब आणि अरुंद बोर्ड आले आहेत, सव्वादोन-अडीच मीटर लांब आणि 50 सेंटिमीटरच्या आसपास रुंद. ते फार लवकर उडतात. त्यावर डोलकाठी बसवून अपहॉल करणं मात्र दोरीवर चालण्यासारखं आहे. हातात धरायच्या विंगसाठीचा साधा, 70-75 रुंद बोर्ड तुमच्याकडे असेल आणि त्याच्या डेकवर (वरच्या बाजूवर) डोलकाठीचा पाया बसवायची सोय असेल, तर तो चालतो. फक्त त्या पायापासून फॉइलपर्यंतचं अंतर पुरेसं आहे का ते बघा. पाया फार मागे असेल तर शीड अंगावर येतं आणि उभं राहायला जागा उरत नाही.

तळ, कडा, शेपटी

तळ सपाट हवा आणि नाकाकडे थोडा उचललेला; उडून खाली टेकताना तो उचललेला भाग बोर्डाला पुन्हा वर ढकलतो. कडा खालून तिरप्या कापलेल्या असाव्यात, म्हणजे वळणात टेकल्या तरी अडकत नाहीत. शेपटीचा तळ थोडा वर कापलेला असेल तर उडताना पंपिंगच्या वेळी ती पाण्यात बुडत नाही. डेक सपाट आणि पूर्ण फोमच्या गादीचा असावा, कारण जाइबमध्ये पाय बदलताना तो कुठेही पडतो.

फॉइलचा बॉक्स

बॉक्स म्हणजे बोर्डाच्या तळातली फॉइल बसवायची जागा. दोन पद्धती प्रचलित आहेत. टटल आणि डीप टटल यांत फॉइलचं निमुळतं डोकं बोर्डाच्या खाचेत शिरतं आणि डेकवरून दोन बोल्ट येतात. जोड अतिशय पक्का, पण जागा कायमची ठरलेली. दुसरी पद्धत दोन समांतर ट्रॅकची: 90 मिलिमीटर अंतरावर दोन खोबणी, आणि मास्टची पट्टी चार बोल्टने हवी तिथे आवळायची.

चपळ आणि मंद वाऱ्यासाठी मी ट्रॅकच सुचवीन. कारण विंग बदलली की तोल बदलतो, शीड बदललं की तोल बदलतो, आणि ट्रॅकवर फॉइल सेंटिमीटरभर पुढे-मागे सरकवून तो परत आणता येतो. टटलच्या बोर्डात हे फक्त डोलकाठीचा पाया सरकवून करावं लागतं, आणि त्याचा परिणाम वेगळा होतो. शिवाय मोठ्या विंगची फॉइलं बहुतेक ट्रॅकच्या पट्टीसह येतात. दोन्ही बॉक्स असलेले बोर्डही मिळतात. पुढेमागे फॉइल बदलायचं मनात असेल तर ते बरे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरात पडलेल्या जुन्या फिनच्या बोर्डाच्या खाचेत फॉइल बसतं, म्हणून बसवू नका. फिन बाजूचा दाब देतो. फॉइल तुमचं सगळं वजन जवळजवळ मीटरभर लांबीच्या तरफेने त्या खाचेवर टाकतं. फॉइलसाठी मजबूत न केलेला बॉक्स डेक आणि तळ यांच्यामधून फाटून निघतो, आणि ते किनाऱ्याजवळच होईल असं नाही.

पायाचे पट्टे

वळणांसाठी सुरुवातीला पट्टे काढूनच ठेवा. पाय मोकळा असला की तो योग्य जागा स्वतः शोधतो. दहा-बारा दिवसांनंतर पुढचे दोन पट्टे लावा, मध्यरेषेकडच्या भोकांत. मागे लावायचा तर एकच, मधोमध. बोर्ड घेताना आतल्या बाजूची भोकं आहेत का एवढं पाहा. निव्वळ स्पर्धेच्या बोर्डांत ती नसतात.

शीड विसरू नका

बोर्ड आखूड आणि शीड 7.5 चं, ही जोडी जुळत नाही. बूम शेपटीच्याही मागे जाते आणि डोलकाठीच्या वजनाने नाक दबतं. माझ्या वजनाला 8 ते 14 नॉटमध्ये 5.5 पुरतं, 12 च्या वर 4.7. एवढं लहान शीड कसं पुरतं याचं कारण समजलं की धीर येतो. 10 नॉटचा वारा बाजूने घेत तुम्ही 12 नॉटने चालला असाल, तर शिडाला लागणारा वारा दोन्ही मिळून साडेपंधरा नॉटचा असतो. उडेपर्यंतचे पहिले चार-पाच सेकंदच कठीण. ते पंपिंगने भागवायचे. त्या चार-पाच सेकंदांसाठी दिवसभर मोठं शीड वाहणं मला पटत नाही. कॅम (शिडाला डोलकाठीजवळ आकार देणारे तुकडे) नसलेलं, हलकं, वाऱ्यात लगेच पोट धरणारं आणि हाताने सहज पलटणारं शीड घ्या.

वापरलेला बोर्ड तपासताना

बोर्ड उन्हात उलटा ठेवा आणि बॉक्सच्या भोवती बोट फिरवा. केसासारखी बारीक भेगही तिथे चालत नाही. बाकी कुठे ओरखडे असले तरी हरकत नाही. बॉक्सच्या आजूबाजूला आणि उभं राहायच्या जागी बोटाच्या टोकाने वाजवा. टणक आवाज बदलून बद्द येऊ लागला तर आतला फोम सुटलेला आहे. स्वतःचा वजनकाटा घेऊन जा: छापील वजनापेक्षा किलोभर जास्त भरला तर बहुधा पाणी शिरलं आहे. हवेचा छोटा स्क्रू उघडून पाहा, त्याचं रबर कोरडं हवं. डोलकाठी आपटून नाकावर पडते, म्हणून नाकाची डागडुजी जवळपास प्रत्येक जुन्या बोर्डावर असते. ती कोरडी आणि सपाट असेल तर चिंता नको.

फॉइल सोबत घेत असाल तर सगळे बोल्ट तिथेच उघडून दाखवायला सांगा. ॲल्युमिनियमचा मास्ट आणि स्टीलचे बोल्ट खाऱ्या पाण्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि बोल्ट जाम होतो. घेतल्यावर तुम्हीही दरवेळी फॉइल सुटं करून गोड्या पाण्याने धुवा आणि बोल्टला ग्रीस लावा.

परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क, जीएसटी आणि वाहतूक धरूनच किंमत काढा. दुबईत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना भाड्याने वेगवेगळे बोर्ड चालवून पाहायची सोय सहज मिळते. तिथे असाल तर दोन-तीन वेगळ्या रुंदीचे बोर्ड एकाच दिवशी, एकाच फॉइलवर चालवून बघा.

पहिले काही दिवस: बसवणी

पाणी किती आहे ते आधी पाहा. 85 चा मास्ट असेल तर किमान सव्वा मीटर, म्हणजे कमरेच्या वर पाणी हवं, आणि लाट खाली गेल्यावरही तेवढं उरलं पाहिजे. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या घरात जातो. दुपारी जिथे उडत होतात तिथे चारला वाळू उघडी पडते. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) हा फरक बराच कमी असतो, म्हणून शिकायला ते दिवस निवडा. कोळ्यांची जाळी कुठे लावलेली आहेत हे किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारूनच पाण्यात जा. त्यांच्या रोजगाराची ती जागा आहे, आणि जाळ्यात अडकलेलं फॉइल दोघांचंही नुकसान करतं. हेल्मेट आणि इम्पॅक्ट जाकीट रोज. पडताना बोर्डापासून लांब, पाठीवर, उथळ पडा.

डोलकाठीचा पाया डेकवरच्या त्याच्या खोबणीच्या मधोमध ठेवा. फॉइल असं आवळा की पुढची विंग तुमच्या दोन पावलांच्या मधल्या भागाखाली येईल. मग 10-11 नॉटचा दिवस बघून जा आणि सरळ रेषेत उडत शरीराला काय जाणवतं याकडे लक्ष द्या. नाक सतत वर जात असेल आणि पुढच्या पायावर ओणवं राहावं लागत असेल, तर फॉइल 1 सेंटिमीटर मागे घ्या. मागच्या पायाने दाबल्याशिवाय बोर्ड सुटतच नसेल, तर 1 सेंटिमीटर पुढे. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर किमान चार फेऱ्या मारा. फॉइलची जागा बसली की मगच डोलकाठीचा पाया हलवा: पुढे नेला तर बोर्ड शांत होतो, मागे आणला तर वळायला हलका होतो.

दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून, मागच्या पायाची पोटरी न दुखता पाचशे मीटर सलग उडता आलं, की ती जागा तुमची. फॉइलच्या ट्रॅकच्या कडेला पक्क्या शाईच्या पेनाने खूण करा आणि शेजारी विंगचा आणि शिडाचा आकडा लिहा. माझ्या बोर्डावर अशा चार खुणा आहेत. वारा सुटल्यावर मोजपट्टी शोधत बसावं लागत नाही.